गोळ्या बंद करण्याआधी हे वाच

डिचोली, गोवा

प्रिय मनाली,
अनेक आशीर्वाद.

"आता रक्त पडत नाही, मग मेसालामिन कशाला घेत बसू?" असं तू परवा फोनवर म्हणालीस, तुझ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवरच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहावरच्या गोळ्यांबद्दल. बाबा समोर होते, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

आधी दुसरी गोष्ट. चवथीला काकीने सगळ्यांदेखत विचारलं, "हे घराण्यातलं की होस्टेलच्या जेवणाचं?" तू मान खाली घालून नेवऱ्या तळत राहिलीस. मनाली, तू काही खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही, आणि घराण्याला बट्टा लागावा असंही यात काही नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा तो होत नाही.

२००१ साली नॉड-टू हे जनुक क्रोन्सशी, म्हणजे आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजाराशी जोडलं गेलं. त्यानंतर आतड्याच्या या दाहाशी संबंध असलेल्या दोनशेहून अधिक जागा आपल्या डीएनएत सापडल्या. त्यातल्या बहुतेक जागा प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागात नाहीतच. कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, किती चालवायचं हे जिथे ठरतं, तिथे त्या आहेत. २१व्या गुणसूत्रावर असाच एक ओसाड पट्टा आहे, त्यात एकही जनुक नाही. २०२४ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की हा पट्टा मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या लढाऊ पेशींमध्ये ईटीएस-टू या दूरच्या जनुकाचं काम वाढवतो, आणि ते वाढलं की मॅक्रोफेज दाह भडकवू लागतात. जोखमीचं ते रूप धडधाकट माणसांतही सर्रास असतं. काकीतही असेल!

आता गोळ्यांचं. तुझा बायोप्सीचा रिपोर्ट मी पुन्हा काढून वाचला. गॉब्लेट पेशी घटल्यात, क्रिप्टची ठेवण बिघडलीय, असं त्यात लिहिलंय. क्रिप्ट म्हणजे अस्तरातले खोल खळगे. त्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात आणि त्यांच्यापासून चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं. गॉब्लेट पेशी बुळबुळीत श्लेष्मा सोडतात, त्यामुळे जिवाणू अस्तरापासून लांब राहतात. त्या कमी झाल्या की श्लेष्माचा थर विरळ होतो, जिवाणू जवळ येतात, रक्तातून आणखी लढाऊ पेशी धावून येतात आणि त्यांच्या रसायनांनी अस्तर आणखी सोलवटतं. दाह फार दिवस राहिला तर नव्या पेशींची घडणही बदलते. एरवी लहान आतड्यात राहणाऱ्या पॅनेथ पेशी मग मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूलाही दिसू लागतात.

हे सगळं पोट दुखायचं थांबलं म्हणून त्याच दिवशी थांबत नाही. दुर्बिणीतून आतडं स्वच्छ दिसत असतानाही सूक्ष्मदर्शकाखाली दाह सापडतो. मेसालामिन तो दाबून ठेवतं. तुला बरं वाटतंय ते त्या गोळीमुळेही आहे, आणि मध्येच ती सोडली तर दुखणं उलटण्याची शक्यता वाढते.

शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करून घे. आतड्यात न्यूट्रोफिल या लढाऊ पेशी किती जमल्यात याचा अंदाज त्यावरून येतो. पैसे आजच पाठवलेत. डोस कमी करायचा का, ते रिपोर्ट पाहून डॉक्टरांना ठरवू दे. आणि पुन्हा रक्त दिसलं तर माझ्या झोपेचा विचार करू नकोस. आधी डॉक्टरांना फोन कर, मग लगेच मला.

तुझी,
आई