प्रश्नचिन्हे मराठीची नव्हेत, देवाणघेवाणीची

संपादक महोदय,

ऑनलाइन अर्जात नीट भरलेले नाव छापील पावतीवर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येते, तेव्हा ‘संगणकाला मराठी जमत नाही’ असे उत्तर खिडकीवर मिळते. ते चुकीचे आहे. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या तिन्ही प्रोग्रॅमिंग भाषा युनिकोड (प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणारे जागतिक मानक) मराठी व्यवस्थित हाताळतात. नाव बिघडते ते एका भाषेतला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमच्या हाती डेटा देतो त्या सांध्यावर. हिंजवडीपासून खराडीपर्यंत असंख्य लोकांचे रोजचे काम याच सांध्यावर चालते, म्हणून हे सविस्तर.

बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, शोधताना आधी दोन्हीकडचा कोड बाजूला ठेवावा आणि मधली फाइल किंवा संदेश बाइटच्या, म्हणजे संगणक प्रत्यक्ष साठवतो त्या ० ते २५५ मधल्या, आकड्यांत उघडावा. पडद्यावरच्या अक्षरांवर विसंबू नये. ती दाखवणारा प्रोग्रॅमही आपल्या परीने अर्थ लावतच असतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत मराठीतले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५. ‘पुणे’ म्हणजे चार चिन्हे (प, उकार, ण, मात्रा), १२ बाइट, सुरुवात २२४, १६४, १७०. असे आकडे दिसले तर पाठवणारा निर्दोष. घेणाऱ्याने एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत, चुकीचे धरले आहे. १९५, १६०, १९४, १६४ अशी माळ दिसली तर यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी लॅटिन-१ (युरोपीय लिपीचे जुने, एका अक्षराला एक बाइट देणारे एन्कोडिंग) समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ केला आहे. ही गाठ उलट क्रमाने सुटते. पण नुसते ६३, ६३, ६३ (प्रश्नचिन्हाचा बाइट) असेल, किंवा २३९, १९१, १८९ हे त्रिकूट (न वाचता आलेल्या अक्षराचे बदली चिन्ह) पुन्हा पुन्हा येत असेल, तर मूळ अक्षरे पुसली गेली आहेत. तिथे दुरुस्तीत वेळ घालवू नये, आधीच्या टप्प्यावरची प्रत शोधावी.

लांबीचाही घोळ होतो. ‘पुणे’ची लांबी पायथन चिन्हे मोजून ४ सांगतो, सी भाषेतले लांबी मोजणारे स्ट्रलेन बाइट मोजून १२. सी प्रोग्रॅमने नावासाठी ३० बाइट राखले तर एक बाइट शेवट दाखवणाऱ्या शून्याला जातो आणि नऊच पूर्ण चिन्हे मावतात. मध्येच कापलेले दहावे चिन्ह पुढचा प्रोग्रॅम नाकारतो.

‘कऱ्हाड’ हा शब्द तर चाचणीसाठी मुद्दाम जवळ ठेवावा. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जातो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे, तुलनेत तिन्ही वेगळे. एनएफसी सामान्यीकरण (समान अक्षरांची वेगवेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) पहिले दोन एक करते, तिसरा तसाच राहतो. त्यासाठी नियम हाताने लिहावा लागतो. ‘ॲ’चेही तसेच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ते स्वतंत्र चिन्ह झाले, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले रूप एनएफसी त्यात मिळवत नाही. नाव ‘सापडत नाही’ म्हणून माणसाला परत पाठवण्यापूर्वी हे तपासायला हवे.

अक्षरांपलीकडेही हेच. पुण्याचा दूरध्वनी कोड ०२०: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) वाचताना पांडास हे पायथनचे तक्ते हाताळणारे साधन त्याचे २० करते, आणि यामल १.१ या माहिती लिहिण्याच्या स्वरूपाच्या नियमाने तो अष्टमान (आठच्या पटीत मोजलेली संख्या) ठरून १६ होतो. कोड मोजण्यासाठी नसतो, तो मजकूर म्हणूनच पाठवावा. ओळख क्रमांकही तसेच. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असते. पायथनने जेसनमधून (दोन प्रोग्रॅमांत माहिती देण्याघेण्याच्या मजकुरी स्वरूपातून) पाठवलेला ९००७१९९२५४७४०९९३ तिकडे शेवटी ९९२ होऊन बसतो, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. १ मार्च २००४ ही जन्मतारीख भारतीय वेळेच्या मध्यरात्रीची धरून जावास्क्रिप्टने जेसनमध्ये घातली, तर ती २९ फेब्रुवारी, १८:३० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) अशी जाते. साडेपाच तासांत अर्जदार एक दिवसाने मोठा. जन्मतारखेला वेळ जोडूच नये, वर्ष-महिना-दिवस एवढाच मजकूर द्यावा. पायथन रिकाम्या गुणांच्या जागी ‘नॅन’ (‘संख्या नाही’ अशी खूण) लिहितो तेव्हा जावास्क्रिप्ट अख्खा संदेश नाकारते. निदान ती चूक लगेच कळते.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना विनंती आहे की दोन भाषांमधल्या देवाणघेवाणीचे एक तरी प्रात्यक्षिक घ्यावे. एकच नोंद पुरते: कऱ्हाडचा पत्ता, ०२०, मार्चमधली जन्मतारीख, वरचा ९९३ ने संपणारा सोळा अंकी क्रमांक आणि एक रिकामा रकाना. ती पायथनकडून जावास्क्रिप्टकडे पाठवावी, परत आणावी आणि प्रत्येक रकाना बाइट-बाइट ताडून पाहावा. नागरिकांचे अर्ज घेणाऱ्या कार्यालयांनीही नवी प्रणाली ताब्यात घेताना कंत्राटदाराकडून हीच नोंद आपल्यासमोर फिरवून घ्यावी, आणि ती जशीच्या तशी परत येईपर्यंत स्वीकृतीवर सही करू नये.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, कोथरूड, पुणे