आमच्या एसटीवाल्या काकांना, माझ्यातर्फे आणि जिप्सीतर्फे

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, परवा पण "ते असू दे, आधी जॅक जागेवर ठेव" म्हणून वर निघून गेलात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बघू कुठे जाता. ठाण्यात आमच्या कोलबाडमध्ये तुम्हाला ओळखणारे खूप आहेत पण बहुतेकांना एवढंच माहितीये की हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मीटिंगला पंपाच्या बिलावरून भांडणारे काका. त्यांना कळू दे की खाली पार्किंगमध्ये जी पांढरी गाडी आता एका सेल्फला सुरू होते त्यामागे कोण आहे.

गाडी मामाची. ९८ ची मारुतीची जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली (एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनवाली, नंतर २००० साली आली). मुरबाडला गोठ्याशेजारी पावसाळ्यामागून पावसाळे उभी राहून तिची पार रया गेली होती. टोइंग करून ठाण्यात आणली, दोन-तीन गॅरेजवाल्यांनी बाहेरूनच बघून "भंगारात द्या साहेब" सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र व्हिडिओ बघून बघून भलतीच लिस्ट तयार होती, एक्सलवर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घेऊन गाडी उंच करायची, पुढे जाडजूड बंपर, वर लाइटची पट्टी. तुम्ही लिस्ट शांतपणे वाचलीत आणि विचारलंत, "ब्रेक कुठे लिहिलाय?"

मग महालक्ष्मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही जॉब कार्ड करायला लावलंत. एकही नट खोलायच्या आधी गाडीभोवती फिरून जे जे दिसतंय, लागतंय, वाजतंय ते सगळं लिहायचं, डेपोत बस आत आली की लिहायचे तसं. आणि क्रम तुमचा, आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाटे, इंजिन त्यानंतर. "न थांबणारी गाडी चालू करून काय करणार" हे तुमचं वाक्य मी अजून लोकांना ऐकवतो. ज्या सिस्टीमचे नट त्या सिस्टीमच्या श्रीखंडाच्या डब्यात, डब्यावर मार्करने नाव. आमच्या घरात तेव्हा श्रीखंड जरा जास्तच खाल्लं गेलं.

पाट्यांचं सांगतो, कारण तिथे तुमचा जीव जास्त रमला. चारही चाकांना पाटे असलेली गाडी म्हणजे तुम्हाला घरचंच काम. गाडी उंच करण्याबद्दल तुम्ही नुसतं नाही म्हणाला नाहीत, खाली बसवून दाखवलंत. एक्सलच्या खालचे पाटे वर घेतले की गाडी चार-पाच इंच वर जाते, पण मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलला ताकद नेणारा दांडा) अँगल वाढतो, ब्रेकचे होज आखूड पडतात, आणि जोरात पिकअप घेतला की एक्सल पाट्याला पिळतो. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकूया म्हणलं तर म्हणालात कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा कल, बिघडेल आणि हायवेला गाडी सरळ रेषेत चालणार नाही. वर कायदा. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी केलेली गाडी चालत नाही, आणि पुढच्या त्या जाडजूड बंपरवर तर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बंदी आणली. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ, कारण आयुष्यभर बस पासिंगला नेल्यात.

मग उंचीचं काय केलं? जेवढी कंपनीने दिली होती तेवढी परत आणली. पाटे वजनाने दबून सपाट झाले होते, दोन पानं तुटलेली, टोकाच्या बुशचं रबर हाताने चुरलं. पाटे खोलून भिवंडी बायपासच्या पाटेवाल्याकडे नेले, तिथे तुम्ही त्या माणसाशी "पाणी नीट दिलंस का" वरून जी चर्चा केलीत ती मी फक्त ऐकली, पोलादाला पाणी देणं, म्हणजे तापवून एकदम गार करणं, हे मी तोपर्यंत तलवारीपुरतंच ऐकलं होतं. पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट सगळे नवीन, जुने परत वापरायचे नाहीत कारण एकदा ताणलेला बोल्ट तसा धरत नाही. आणि शॅकलचे बोल्ट गाडी घोडीवर (स्टँडवर) असताना नुसते हाताने लावायचे, फायनल टाइट चाकं जमिनीवर टेकवून, नाहीतर रबराचा बुश पिळलेल्या अवस्थेत पकडला जातो आणि लवकर फाटतो. ही एक गोष्ट मला एकाही व्हिडिओत दिसली नव्हती. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत टाइट करायला तुम्ही स्वतः आठवण केलीत, मी विसरणार हे तुम्हाला माहिती होतं बहुतेक.

स्टिअरिंगच्या थरथरीचं श्रेय अर्धं काकूंना. पुढचा नकल (चाक वळतं तो सांधा) उघडला तेव्हा आतून ग्रीसऐवजी काळा रस्सा बाहेर आला, तुम्ही लगेच सांगितलंत की आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गिअरचं) ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ झालंय. किंगपिनच्या (नकल जिच्यावर वळतो ती पिन) बेअरिंगला खड्डे पडलेले. नवीन बेअरिंगच्या कड्या जागेवर बसेनात तेव्हा तुम्ही त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात, मटार आणि खवलेल्या नारळाच्या मध्ये, थंडीने लोखंड केसभर आकसतं आणि सकाळी हातोडीच्या दोन ठोक्यांत आत. काकू काही बोलल्या नाहीत, उलट पुसायला जुन्या सुती साड्या दिल्या, त्यांना वेगळा नमस्कार. मग शिम, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्या. नकल किती ओढीला हलायला पाहिजे ते मॅन्युअलमध्ये किलोत दिलंय, पण मोजायचं कशाने? तुम्ही खाली जाऊन रद्दीवाल्याचा हुकवाला स्प्रिंगचा काटा मागून आणलात. पेपर मोजायच्या काट्यावर आम्ही किंगपिनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) सेट केला, आणि मामा म्हणायचा ते "साठला स्टिअरिंग नाचतं" बंद झालं.

ब्रेकचं थोडक्यात. मागचे व्हील सिलेंडर गळत होते, पाइप गंजलेले, पुढच्या कॅलिपरच्या पिना जाम, सगळं बदललं किंवा मोकळं केलं. ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना तुमची नात पेडलवर बसून "दाबलं!" "सोडलं!" ओरडत होती ते अख्ख्या बिल्डिंगने ऐकलंय. कार्बोरेटरला नवीन किट, आणि पेट्रोलचे सगळे रबरी होज बदलले, कारण आता पंपावर ई-२० मिळतं आणि २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं.

पत्र्याच्या कामाला मी घाबरत होतो. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालून पार्किंगची फरशी दिसत होती, पाणी मॅटखाली अडकून राहतं आणि पत्रा आतून जातो, ठाण्याच्या पावसात तर विचारू नका. मला वाटलं तुम्ही वेल्डर बोलवाल. तुम्ही माझ्या हातात ग्राइंडर दिलात आणि म्हणालात चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जा, गंजावर वेल्डिंग धरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढलीस का, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवलीस का, हे दर वेळी विचारलंत, कंटाळा येईल इतक्या वेळा. चेसिसची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली, ती तारेने मोकळी करायला लावलीत. रेड ऑक्साइड, सीलर, मग रंग. माझं वेल्डिंग दिसायला ओबडधोबडच आहे, मॅटखाली आहे म्हणून बरं.

आणि सोसायटी! ग्राइंडरच्या आवाजावरून तक्रारी आल्या तेव्हा तुम्हीच मध्ये पडलात, एक ते चार मशीन बंद, जमिनीवर ऑइलचा थेंब पडणार नाही, गाडीखाली कायम ट्रे आणि प्लायवूड, एवढ्या अटींवर सेक्रेटरींना गप्प केलंत. पंपाच्या बिलावर त्यांच्याशी भांडणारा माणूस माझ्यासाठी गोड बोलला याचं मला जास्त अप्रूप.

पण खरे आभार ज्यासाठी मानायचेत ते वेगळंच आहे. इतक्या महिन्यांत तुम्ही पान्ह्याला जवळजवळ हातच लावला नाहीत. तुम्ही दहा मिनिटांत केलं असतं ते काम मी अख्खी संध्याकाळ करत बसायचो आणि तुम्ही बाजूला पेपर वाचत बसायचात, अडलं की फक्त "उलटं फिरव" किंवा "आधी ठोक, मग खोल". तेव्हा चिडायचो मी, आत्ता सांगतो. पण मागच्या महिन्यात टोकावड्याच्या पुढे शेताकडे जाताना चिखलात उतरून पुढच्या चाकांचे हब लॉक केले (म्हणजे चारही चाकं ओढतात), लो गिअर टाकला, गाडी सावकाश वर निघाली आणि मध्येच खालून खडखड आली, तेव्हा मला गाडीखाली न बघताच कळलं की एक्झॉस्टचा क्लॅम्प सुटलाय. तिथेच बांधून पुढे गेलो, फोन करावा लागला नाही तुम्हाला. मामा बाजूला बसून बघत होता, काही बोलला नाही, फक्त परत येताना गाडी मीच चालवतो म्हणाला.

पासिंग पण झालं, एमएच-०४ चा नंबर तसाच. रंगाचं तेवढं राहिलं. मला ऑलिव्ह ग्रीन हवा होता, तर तुम्ही सांगितलंत की केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो फक्त सैन्याच्या गाड्यांना, आणि लगेच दुसरा पर्याय दिलात, "मग लाल कर, एसटीसारखी". नाही काका. तुमचं बाकी सगळं ऐकलं, हे नाही. आरसीवर पांढरी आहे, पांढरीच राहील. रविवारी चारनंतर खाली या, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) खूप आवाज करतोय, तो उतरवायचाय, गोटीसेट (सॉकेट पान्ह्यांचा) तुमचाच लागेल.