चिठ्ठीवर 'बेशुद्ध' नको, आकडे हवेत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

डोंगरी तालुक्यांतून डोक्याला मार लागलेला रुग्ण कोल्हापूरला येतो, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढेच असते: 'मोटारसायकल अपघात, बेशुद्ध, पुढील उपचारासाठी रवाना.' हा 'बेशुद्ध' शब्द घात करतो. गगनबावड्यात शुद्धीचा आकडा १५ पैकी १३ असलेला माणूस पंचावन्न किलोमीटरचा रस्ता संपेपर्यंत ९ वर आला, तर कवटीच्या आत रक्त साचत चालल्याचा दाट संशय. त्याचा सीटी स्कॅन तत्काळ हवा, ऑपरेशन थिएटर तयार हवे. निघतानाही ९ आणि पोहोचल्यावरही ९ असेल, तर विचार वेगळा. पहिला आकडाच नसेल तर घसरण दिसणार कशी?

हे मोजायला यंत्र लागत नाही. ग्लासगोच्या ग्रॅहम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली दिलेली आणि पुढे थोडी सुधारलेली मोजणी पुरते: डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. नुसती बेरीज नको, तिन्ही आकडे सुटे लिहावेत, कारण सर्वांत जास्त सांगतो तो हालचालीचा. भुवईखालच्या हाडाच्या कडेवर अंगठ्याने दाबावे. रुग्णाचा हात कॉलरबोनच्या वर, दुखतेय तिकडे आला तर ५. कोपरात पटकन वाकला पण तिथवर पोहोचला नाही तर ४, सावकाश आखडत छातीवर आला तर ३, ताठ सरळ झाला तर २. तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून मोजणीच सोडून देणे फार महागात पडते. दारू प्यालेल्याच्या डोक्यातही रक्त साचते.

मेंदूला पहिली इजा रस्त्यावरच होऊन जाते, ती परत फिरवता येत नाही. दुसरी इजा पुढच्या तासांत होते आणि ती बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात डॉ. डॅनियल स्पेट आणि सहकाऱ्यांनी अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी टाळायला शिकवले: ऑक्सिजन कमी पडणे, रक्तदाब उतरणे आणि भराभर श्वास देणे. २१ हजारांवर रुग्णांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे रुग्ण एकत्र धरले तर मोठा फरक दिसला नाही, पण गंभीर गटात जगण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढली. नवे औषध त्यात एकही नव्हते.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्रास चुकते. घाईत अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) मिनिटाला पंचवीस-तीस वेळा दाबली जाते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या मेंदूचे रक्त आणखी तुटते. मोठ्या माणसाला मिनिटाला १० श्वास, म्हणजे सहा सेकंदांनी एकदाच दाब. समोर सेकंदकाट्याचे घड्याळ असले तरी पुरे.

रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जाण्याची वाट न पाहता पिशवी जोडलेल्या ऑक्सिजन मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर सुरू करावा. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटावरचा चिखल पुसावा, बोट गार असेल तर आकडा फसवतो. १५ ते ४९ वयात वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाऊ देऊ नये. सलाईन म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते, तीही थांबायला हवी: साखर वापरली गेली की उरलेले पाणी मेंदूत शिरून सूज वाढवते. रक्तातली साखर उतरलेली नसेल तर नॉर्मल सलाईनच. आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन नको. १०,००८ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के होते. हे २००४ सालीच कळले आहे.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या प्रत्येक गाडीत एकच छापील चिठ्ठी असावी: वेळ, शुद्धीचे तीन आकडे, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकार, ऑक्सिजन, रक्तदाब, साखर. रुग्ण निघताना एकदा आणि वाटेत दर १५ मिनिटांनी ती भरावी. गाडी हलण्याआधी हेच आकडे फोनवर पुढच्या रुग्णालयाला कळवावेत. दोन दिवसांचे प्रशिक्षण हाताने करून घेणारे असावे, त्यात चालकही असावेत.

गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांवर रात्री मोटारसायकली आदळतात. ट्रॉल्यांचा बंदोबस्त परिवहन खात्याचा विषय आहे, चिठ्ठी मात्र आपल्या खात्याची आहे. यंदाचे बॉयलर पेटण्याआधी ती छापून तालुक्यांत पोहोचावी.

आपले,
मेंदूच्या दुखापतींवर काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका, कोल्हापूर