फिलाडेल्फियातल्या माझ्या ताईंना

प्रिय ताई,

मधुमेह टाळायच्या आपल्या वर्गात सगळ्या तुम्हाला आदरानं, स्पॅनिशमध्ये, 'दोन्या' म्हणतात. माझ्या तोंडून पहिल्या दिवशी 'ताई' निघून गेलं, तुम्ही त्याचा अर्थ विचारलात आणि म्हणालात, मग तेच म्हण. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी तुमचे आभार मानले आहेत, पण तेवढ्यानं माझं मन भरलं नाही. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते माझ्या भाषेतल्या बायकांनाही कळायला हवं. तुम्हाला मी ते वाचून दाखवेन, ओळ न् ओळ अर्थ सांगून.

गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. दवाखान्यात हातात एक छापील कागद पडला: किन्वा खा, केलची पानं खा, भात बंद करा. चार मिनिटांत मी बाहेर. तो कागद फ्रिजवर लावून दोन महिने मी नुसती त्याच्याकडे बघत होते. माझ्या ओट्यावर शिजणारा एकही पदार्थ त्यात नव्हता.

मी शाळेच्या किचनमध्ये काम करते. तिथल्या माझ्या बरोबरीच्या बायका बहुतेक मेक्सिकोतल्या पुएब्लाकडच्या. साउथ फिलाडेल्फियात त्यांची मोठी वस्ती आहे, आणि माझं स्पॅनिश त्यांच्यासोबत भांडी घासता घासता आलेलं. त्यांच्यातल्याच एकीनं एका मंगळवारी मला हाताला धरून चर्चच्या तळघरात आणलं. वर्ग लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडच्या, बायकांसाठी होता. मी दारातच थबकले, तर तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत.

फॉर्म भरताना माझी उंची आणि वजन बघून मदतनीस मुलगी म्हणाली, हिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४.४ आहे, वर्गात यायला निदान २५ लागतो. तुम्ही नियम काढून दाखवलात: आशियाई लोकांसाठी ही रेषा २३ वर आहे. ते ऐकून मी चाट पडले. आमच्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कित्येक वर्षं हेच दाखवून दिलं आहे, की आपलं मूल जन्मतः वजनानं कमी असलं तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. पुण्यातली गोष्ट मला फिलाडेल्फियाच्या तळघरात तुमच्याकडून पहिल्यांदा उपयोगाला आली.

माझ्या मराठी मैत्रिणी विचारतात, ही बाई डॉक्टर का? नाही. तुम्ही प्रोमोतोरा. त्याच वस्तीत राहणाऱ्या, तीच भाषा बोलणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या. मी त्यांना सांगते, आपल्या आशाताई डोळ्यांसमोर आणा.

दुसऱ्या आठवड्यातली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. एक बाई म्हणाली, मला 'आसुकार' होणारच, माझ्या आईला 'सुस्तो'नं झाली. आसुकार म्हणजे साखर. आपण 'शुगर झाली' म्हणतो, अगदी तसंच. आणि सुस्तो म्हणजे धसका. या बाईच्या स्वतःच्या नवऱ्याच्या अपघाताचा फोन मध्यरात्री आला होता, तेव्हापासून आपल्यालाही ती लागणार असं तिनं धरलंच होतं. माझ्या अंगावर काटा आला. माझी आई शेवटपर्यंत हेच सांगायची: "तुझे बाबा गेले, मी धसका घेतला आणि शुगर लागली." डॉक्टर हसायचे. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिच्याजवळ बसून विचारलंत, त्या रात्रीनंतर झोप कशी होती? काय खात होतीस? चालणं-फिरणं सुटलं का? ती बोलत गेली आणि तिच्या सुस्तोच्या मागची सगळी साखळी तिची तिलाच दिसली. ताई, माझ्या आईला असं कुणी विचारलं असतं तर! तेव्हा मी रडले ते त्यामुळे.

मग जेवणाचं. तुम्ही तोर्तिया, म्हणजे त्यांची मक्याची पोळी, बंद करायला एकदाही सांगितलं नाहीत. घरून कोमाल आणलात, जो थेट आमच्या तव्याचा भाऊ आहे, आणि प्रत्येकीला रोजच्या सवयीनं मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायला लावलात. सगळ्यांचे गोळे ओळीनं ताटात मांडले. माझा भाकरीचा गोळा सगळ्यांत मोठा! तुम्ही तो सुरीनं दोन भागांत कापून एक माझ्या हातात ठेवलात आणि उरलेल्या जागेत उसळ आणि नोपालची भाजी वाढलीत. नोपाल म्हणजे आपल्याकडे बांधावर कुंपणाला लावतात तो फड्या निवडुंग. काटे तासून चिरला की भेंडीसारखा चिकट होतो. आता मी तो भेंडीसारखाच लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतते.

पिलोनसियोवरून झालेला वादही आठवतो. तो म्हणजे आपला गूळ. लेंटच्या उपासाच्या दिवसांत त्याच्या पाकात पाव भिजवून कापिरोतादा हा गोड पदार्थ करतात. "ती साखर थोडीच आहे!" असं तुमच्या बायका म्हणाल्या आणि मला माझी सासू ऐकू आली. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, तुमच्या उपासाला काय असतं? मी साबुदाण्याची खिचडी सांगितली आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं, की आमचा उपासही तसलाच.

आकडे तुम्ही फळ्यावर एकदाच लिहिलेत. २००२ साली आलेला अमेरिकेतला मोठा अभ्यास, ३,२३४ माणसं: वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, एवढं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. मग म्हणालात, हे बाहेरचं झालं, आता घरचं ऐका. याच फिलाडेल्फियात ९२ लॅटिना बायकांवर अभ्यास झाला. प्रोमोतोरांच्या वर्गाला आलेल्यांचं वर्षभरात सरासरी चार किलो वजन उतरलं. त्यांना असं काही द्यायचं तर त्यांच्यातलीच बाई लागते, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघत होते.

जानेवारीत रस्त्यांवर बर्फ होता तेव्हा तुम्ही खुर्च्या कडेला लावून कुंबिया नाच सुरू केलात. पोरं कोपऱ्यात रंगवत बसायची, कारण पोरांना कुणाकडे ठेवायचं म्हणून एकीचाही वर्ग बुडू नये असं तुमचं म्हणणं. नवऱ्यांनाही एकदा बोलावलंत आणि त्यांच्यासमोर विचारलंत, घरात उरलंसुरलं कोण संपवतं? सगळ्या बायकांनी हात वर केले. मीही. माझा नवरा त्या रात्रीपासून भात किती लावायचा ते आधी विचारतो.

पहिल्या सहा महिन्यांचे सोळा वर्ग, मग दर महिन्याचे. मी दोनच चुकवले. ६१ किलोवरून ५७ वर आले आणि एचबीए१सी ५.६ आहे. तो रिपोर्ट मी तुम्हाला सगळ्यांआधी पाठवला, मुलीच्याही आधी.

पुढच्या शनिवारी आमच्या भिशीच्या बायका माझ्याकडे जमणार आहेत. मीही पिठाचे गोळे ओळीनं ताटात मांडणार आहे. तुम्ही येऊन शेजारी बसलात तर मला धीर येईल. भाषेचं मी बघते. तुमची मोजायची स्टीलची वाटी अजून माझ्याकडेच आहे, तेव्हाच परत देईन. ज्वारीची भाकरी तुम्ही अजून खाल्लेली नाही. अर्ध्या गोळ्याचीच करेन.

तुमची,
मंगळवारच्या वर्गातली मराठी कोमाद्रे, म्हणजे सखी