होल्कमचा वंशवृक्ष वाचताना

पुणे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात होल्कमचा वाडा आणि जमीन ज्यांची, त्या कोक घराण्याचा तू पाठवलेला वंशवृक्ष पाहिला. अक्षर सुरेख आहे, मेहनतही दिसते. पण पुढच्या आठवड्यात नॉरफोकला जाऊन तू दप्तरखान्यात बसणार आहेस. त्याआधी काही गोष्टी दुरुस्त कर, नाहीतर तिथे मागवलेले कागद तुझ्या झाडाशी जुळणार नाहीत.

आधी उच्चार. लिहितात कोक, पण ते लोक म्हणतात ‘कुक’. तिथे बोलताना हे लक्षात ठेव. लेखात मराठी वाचकांसाठी ‘कोक’ ठेवलंस तरी चालेल, फक्त एकदा खुलासा कर.

दुसरी चूक मोठी आहे. वाडा बांधणारा थॉमस कोक आणि शेतीसाठी नाव झालेला थॉमस विल्यम कोक यांना तू बाप-लेक केलं आहेस. दोघंही ‘लेस्टरचे पहिले अर्ल’ (अर्ल हा तिकडचा उमरावाचा किताब), त्यामुळे हा घोटाळा होतोच. थॉमस (१६९७–१७५९) याला १७४४ मध्ये अर्ल केलं. त्याचा एकुलता एक मुलगा एडवर्ड बापाच्या आधी, १७५३ मध्ये निपुत्रिक गेला. १७५९ मध्ये थॉमस वारला आणि किताब तिथेच संपला. पुढे १७८४ मध्ये राजाने ‘लेस्टर’ हा किताब टाउनशेंड घराण्याला दिला. म्हणून १८३७ मध्ये थॉमस विल्यमला (१७५४–१८४२) अर्ल केलं तेव्हा नुसतं ‘लेस्टर’ देता येईना, ‘होल्कमचा लेस्टर’ असं म्हणावं लागलं. संपलेला किताब नव्याने दिला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तेव्हा चौकटीत नुसतं ‘पहिला अर्ल’ लिहू नकोस, किताब दिल्याचं साल शेजारी घाल.

मग जमीन या दुसऱ्या थॉमसकडे आली कशी? बहिणीकडून. पहिल्या थॉमसची बहीण ॲन मेजर फिलिप रॉबर्ट्सला दिली होती. तिचा मुलगा वेनमन रॉबर्ट्स याने वारसा घेताना कोक हे नाव लावलं. थॉमस विल्यम हा त्या वेनमनचा मुलगा. म्हणजे रक्ताने रॉबर्ट्स, नावाने कोक. आपल्या कुलवृत्तांतात अशा ठिकाणी आपण ‘दत्तक’ असं लिहून मोकळे होतो, पण इथे तो शब्द अजिबात वापरू नकोस. इंग्लंडमध्ये कायद्याने दत्तक घेण्याची सोय १९२६ पर्यंत नव्हतीच. नाव बदलणं ही वारसा घेणाऱ्यावर घातलेली अट असे, त्याने कुणी कुणाचा मुलगा होत नसे.

अशी तुटलेली जागा याआधीही आहे. घराण्याचा मूळ पुरुष सर एडवर्ड कोक (१५५२–१६३४) हा नामांकित कायदेपंडित, सरन्यायाधीश. राजाशी न पटल्याने १६१६ मध्ये त्याला पदावरून काढलं. जमिनी त्याने विकत घेऊन जमवल्या, पण होल्कम आलं ते त्याच्या जॉन नावाच्या मुलाच्या बायकोकडून, मेरिअल व्हीटलीकडून. जॉनचा वंश १६७१ मध्ये संपला आणि जमीन धाकट्या हेन्रीच्या शाखेकडे गेली. वाडा बांधणारा थॉमस याच शाखेतला. तुझ्या झाडात बायकांची नावं बारीक अक्षरांत कोपऱ्यात आहेत. ती ठळक कर. मेरिअल आणि ॲन या दोघींना वगळलं तर होल्कमची गोष्ट उभीच राहत नाही.

एवढं तुटूनही जमीन अखंड राहिली, त्याचं कारण कागदात आहे. तिथे जाऊन तू चित्रांच्या दालनात रमशीलच, पण आधी जमिनीच्या वारशाची करारपत्रं बघ असा माझा आग्रह आहे. हा करार कसा चाले ते नीट समजून घे.

बाप हा मालक नसे, त्याला फक्त हयातीपुरता उपभोग. त्याच्यामागे थोरल्या मुलाचा हक्क, तोही मुलग्यांच्या मुलग्यांत उतरत जाणारा. मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा मिळून हा बांध, म्हणजे वारशाचं हे बंधन, कायदेशीर मार्गाने तोडू शकत. बाप एकटा तोडू शकत नसे. मग बाप मुलाला सांगे, तुला वर्षाची नेमणूक बांधून देतो, सही कर. मुलगा सही करी. दोघं मिळून बांध तोडत आणि लगेच नवा करार करत. त्यात मुलगाही हयातीपुरताच उपभोक्ता होई आणि हक्क जाई त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलाकडे. न जन्मलेल्याच्या पलीकडे, म्हणजे त्याच्याही मुलांवर, कायदा बांधू देत नसे. म्हणून हा खेळ दर पिढीला पुन्हा मांडावा लागे. मधल्या काळात हक्क सांभाळायला विश्वस्त नेमलेले असत. त्याच करारात विधवेसाठी वार्षिक रक्कम, धाकट्या मुलांसाठी आणि मुलींसाठी ठरावीक रकमा लिहिलेल्या असत. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मतःच वाटेकरी होतो आणि शेत वाटत जातं. तिथे धाकट्याला रोकड मिळे, जमीन नाही.

बिघडतं कुठे, तेही बघ. मुलगा २१ चा होण्याआधी बाप मेला तर नवा करार होत नाही. वयात आल्यावर मुलगा एकट्याच्या सहीने सगळं मोकळं करून विकू शकतो. दुसरं, धाकट्यांच्या रकमा रोख नसतात. त्या जमिनीवर गहाण ठेवून उभ्या करतात, आणि दोन पिढ्यांच्या रकमा एकत्र आल्या की खंडाचा मोठा भाग व्याजातच जातो. तिसरं, विधवा दीर्घायुषी निघाली तर वारस ताटकळतो. होल्कममध्ये नेमकं हेच झालं. पहिल्या थॉमसची विधवा लेडी मार्गारेट १७५९ नंतर सोळा वर्षं वाड्यात होती. १७३४ मध्ये सुरू झालेलं बांधकाम १७६४ मध्ये तिनेच पुरं करून घेतलं. नवऱ्याने १७२० च्या साउथ सी शेअरच्या बुडीत व्यवहारात मोठी रक्कम घालवली होती, कर्जही मागे ठेवलं होतं. तरी तिने वाडा अर्धवट सोडला नाही. माझ्या मते या घराण्यातली ती सर्वांत दुर्लक्षित व्यक्ती आहे, तिच्यावर एक परिच्छेद लिहीच. ती १७७५ मध्ये गेली. वेनमनच्या हाती वारसा जेमतेम वर्षभर राहिला आणि एप्रिल १७७६ मध्ये तोही वारला. थॉमस विल्यमला सुमारे ३०,००० एकर मिळाले तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

आता त्याच्या शेतीबद्दल. ‘तो आला तेव्हा तिथे गहू पिकत नव्हता, सलगम त्याने आणला’ असं तू लिहिलं आहेस. ते काढून टाक. सलगम, क्लोव्हर (चाऱ्याचं एक पीक) आणि जमिनीत चुनखडीची चिकणमाती मिसळणं हे सगळं नॉरफोकमध्ये त्याच्या जन्माआधीपासून चालू होतं. ही त्याच्या चाहत्यांनी फुगवलेली गोष्ट आहे. त्याचं खरं काम भाडेपट्ट्यांत आहे.

हयातीपुरत्या मालकाला बहुतेक करारांत जमीन विकता येत नसे, पण २१ वर्षांपर्यंत पट्ट्याने देता येई. ही मुदत त्याने कुळांना दिली. वर्षावर्षाच्या बोलीवर असलेला शेतकरी जमिनीत पैसा घालत नाही. चुनखडीची माती खणायची, गाड्यांनी वाहायची, रेताड शेतात पसरायची, याचा खर्च पहिल्या वर्षी आणि फळ पुढे कितीतरी वर्षं. तेवढी वर्षं हातात असली तरच कूळ तो खर्च करतं. बदल्यात पट्ट्यात अटी असत. मुख्य अट ही की गहू आणि सातू यांसारखी दाण्याची पिकं एकापाठोपाठ एक घ्यायची नाहीत.

पिकांचा फेर चार वर्षांचा. पहिल्या वर्षी गहू. दुसऱ्या वर्षी सलगम, दोनदा खुरपून, रोपं साधारण फूटभर अंतरावर विरळ करून. हिवाळ्यात सलगम उपटायचा नाही, शेतातच मेंढ्यांना चारायचा. हे दृश्य डोळ्यांसमोर आण. गोठलेलं शेत, त्याच्या एका पट्ट्याभोवती लाकडी ताट्यांचं कुंपण, आत दाटीने मेंढ्या. त्या कंद कुरतडून खोबणीसारखे पोकळ करतात. पट्टा संपला की मेंढपाळ ताट्या उपसून पुढे रोवतो. मागे राहतं ते लेंड्या-मुतानं भिजलेलं आणि खुरांनी दाबून घट्ट झालेलं रान. हलक्या रेताड जमिनीला खताइतकीच त्या खुरांची गरज असते. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तोच हिशोब. तिसऱ्या वर्षी सातू, आणि त्याच्यातच क्लोव्हर पेरायचं. सातू कापला की चौथ्या वर्षी क्लोव्हर चारा म्हणून उभं. ते द्विदल असल्याने हवेतलं नत्र जमिनीत बांधतं. हे शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यावर गहू चांगला येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यातही फसतं. सलगमाची रोपं दोन पानांवर असताना उड्या मारणारे बारीक भुंगेरे येतात, आणि पाऊस लांबला तर दोन दिवसांत ओळीच्या ओळी गायब. पुन्हा पेरावं लागतं. क्लोव्हर एकाच शेतात फार लवकर लवकर घेतलं तर ते मरू लागतं. सलगम गेला की मेंढ्या नाहीत, मेंढ्या नाहीत की सातू उतरतो. साखळीतली एक कडी सुटली की चारही वर्षं लंगडी होतात. म्हणून पट्ट्यातली अट वाचताना ती जाचक वाटली तरी तिचं कारण शेतात शोध.

त्याच्या ‘मेंढ्या कातरण्याच्या’ मेळाव्यांबद्दल, म्हणजे होल्कमला भरणाऱ्या शेतीच्या संमेलनांबद्दल, तू थोडक्यात लिहिलंस, ते पुरेसं आहे. फक्त शेवटचा मेळावा १८२१ मध्ये झाला हे साल घाल. नॉरफोकच्या काटक, शिंगं असलेल्या मेंढ्यांऐवजी साउथडाउन जात पसरली ती इथूनच.

आता लग्नं. पहिली पत्नी जेन डटन १८०० मध्ये वारली, तिला तीन मुली. मुलींना रकमा आणि मोठी स्थळं मिळाली, होल्कम नाही. बावीस वर्षं पुतण्या विल्यम वारस समजला जात होता. फेब्रुवारी १८२२ मध्ये ६७ व्या वर्षी थॉमस विल्यमने १८ वर्षांच्या लेडी ॲन केपेलशी लग्न केलं. ती त्याची धर्मकन्या होती, म्हणजे तिच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता तोच. २६ डिसेंबरला मुलगा झाला आणि पुतण्याचा हक्क गेला. पण धोका संपला नव्हता. १८४२ मध्ये बाप गेला तेव्हा हा मुलगा १९ वर्षांचा होता, वर सांगितलेल्या २१ च्या आतला. म्हणून १८२२ च्या लग्नाच्या वेळचे कागद मुद्दाम मागून बघ.

थोरली मुलगी जेन हिची शाखा तू ‘पुढे माहिती नाही’ म्हणून सोडली आहेस. तिची मुलगी जेन डिग्बी. तिचं पहिलं लग्न लॉर्ड एलेनबरोशी, १८३० मध्ये संसदेचा कायदा करून घटस्फोट, आणि शेवट १८८१ मध्ये दमास्कसला, एका अरब शेखाची पत्नी म्हणून. हाच एलेनबरो पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियारला शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला तो त्याच्याच कारकिर्दीत. मराठी वाचकासाठी ही फांदी नक्की काढ.

पुढच्या पिढ्या झटकन उरक, एक अपवाद सोडून. पाचव्या अर्लला तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. १९७६ मध्ये किताब गेला आफ्रिकेत राहणाऱ्या चुलतभावाकडे. दोनशे वर्षांनी नियम तोच.

वाड्याच्या उद्यानात १२० फुटांचा स्तंभ आहे, कुळांनी वर्गणी काढून उभारलेला. त्याच्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर बैल, मेंढ्या, नांगर आणि पेरणीचं यंत्र आहे, टोकाला गव्हाची पेंढी. जवळून फोटो काढ, विशेषतः पेरणी यंत्राचा. मला त्याच्या नळ्या किती आहेत ते मोजायचं आहे.

थंडीचे कपडे ने, समुद्र जवळ आहे आणि तिकडचं वारं फार बोचरं.

तुझे,
बाबा