होणाऱ्या फौजदार भावाला नैरोबीहून पत्र

नैरोबी,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय बाळू,

अनेक आशीर्वाद.

तुझी निवड झाल्याचं सांगताना आण्णांचा आवाज फोनवर नीट फुटत नव्हता. आपल्या घराण्यातला पहिलाच फौजदार. अभिनंदन तेव्हाच केलं, पण बोलता बोलता तू एक वाक्य टाकलंस ते काही माझ्या डोक्यातून जाईना. "ताई, लोकांना पोलिसांचं काही खरंच वाटत नाही गं. काही झालं की आधी आम्हीच गुन्हेगार." अंगावर अजून वर्दी चढली नाही आणि तू 'आम्ही' म्हणायला लागलास. त्याचं बरंही वाटलं आणि काळजीही वाटली. लोकांचा विश्वास कसा उडतो ते गेले दोन महिने मी इथं रोज बघते आहे. फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते. नाशिकला पोलीस अकादमीत जायच्या आधी सावकाश वाच.

अल्बर्ट ओज्वांग हे नाव तिकडच्या पेपरात आलं असेल-नसेल. वय ३१, शाळामास्तर, आणि राजकारणावर ऑनलाइन लिहिणारा. पोलीस उपमहानिरीक्षक एलियुड लगाट यांची बदनामी करणारा मजकूर त्यानं टाकला, अशी तक्रार होती. ७ जूनला शनिवारी होमा बे काउंटीतल्या घरून त्याला उचललं आणि जवळपास साडेतीनशे किलोमीटर गाडीत घालून नैरोबीला आणलं. बदनामीच्या तक्रारीसाठी! वाटेत किती पोलीस ठाणी लागली असतील, जबाब तिथंही घेता आला असता. रात्री त्याला सेंट्रल पोलीस स्टेशनच्या कोठडीत टाकलं आणि सकाळ होईपर्यंत तो गेलेला होता.

त्याचा बाप दगडाच्या खाणीत काम करणारा, आणि हा एकुलता एक मुलगा. मुलाला नेल्याचं कळल्यावर बाप नैरोबीला निघाला तो जमिनीचे कागद बरोबर घेऊन, जामिनाला लागतील म्हणून. पोहोचला तेव्हा जामिनावर सोडवायला कोणी उरलंच नव्हतं. ते कागद हातात धरलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, बाळू. आपल्या आण्णांनी तुझ्या क्लासच्या फीसाठी सातबारा काढून आणला होता, त्याची आठवण झाली.

आता नीट लक्ष दे, कारण मला सांगायचंय ते इथून पुढं आहे. माणूस मेल्यावर पोलिसांनी पहिलं निवेदन काढलं. काय, तर आरोपीनं कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं, ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला तो नेहमीच्या फेरीत दिसला, म्बागाथी रुग्णालयात नेला, तिथं मृत घोषित केलं. वाचायला अगदी व्यवस्थित निवेदन. फक्त त्यावर विश्वास ठेवणारा माणूस नैरोबीत शोधून सापडला नसता.

दोन दिवसांनी, १० जूनला, शवविच्छेदन झालं. सरकारी पॅथॉलॉजिस्ट डॉ. बर्नार्ड मिडिया बाहेर आले आणि कॅमेऱ्यांपुढं सरळ सांगून मोकळे झाले. डोक्याला मार, मान दाबल्याच्या खुणा, अंगभर मुका मार, आणि झटापट झाल्याची चिन्हं. आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, ते ओज्वांगसारखेच व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचे. मधल्या सुट्टीत त्यांच्या मोबाइलवर आम्ही सगळे ते ऐकत होतो. ऐकता ऐकता सर उठले, फळ्यावर एका डोक्याचं चित्र काढलं, समोरून एक आणि मागून एक. स्वतः भिंतीवर डोकं आपटून घेतलं तर मार पुढं कपाळाला लागतो, असं म्हणून त्यांनी तिथं एक गोल केला. मग डॉक्टर सांगत होते तसे चेहऱ्यावर, दोन्ही बाजूंना, मागे, वेगवेगळ्या जागी ठिपके दिले. खडू ठेवला आणि पुढच्या तासाला निघून गेले. तो फळा दिवसभर कोणी पुसला नाही. इंग्रजीच्या बाई, ऑफिसातला क्लार्क, चहा देणारी मावशी, सगळे येऊन बघून जात होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस महानिरीक्षक डग्लस कांजा यांनी सिनेटपुढं आधी दिलेल्या माहितीबद्दल माफी मागितली. खुद्द राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी हा मृत्यू पोलिसांच्या हातून झाल्याचं मान्य केलं. पोलिसांवर देखरेख ठेवायला इथं २०११ पासून एक स्वतंत्र प्राधिकरण आहे, लोक त्याला आयपोआ म्हणतात. त्यांच्या तपासात ठाण्याच्या सीसीटीव्हीत छेडछाड झाल्याचं निघालं. लगाट १६ जूनला पदावरून बाजूला झाले. तीन पोलीस आणि त्या रात्री कोठडीत असलेले तिघेजण, अशा सहा जणांवर खुनाचे आरोप ठेवले गेले. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल.

दोन-तीन आठवड्यांत एवढं होणं ही लहान गोष्ट नाही. तू म्हणशील, मग लोक शांत व्हायला हवे होते. उलटं झालं. रस्त्यावर निदर्शनं करणाऱ्यांची गर्दी वाढली. कारण पहिल्या दिवशी सांगितलेलं खोटं होतं हे आता सरकारच्याच तोंडून बाहेर आलं होतं. डॉक्टर जर गप्प बसले असते तर भिंतीची गोष्टच कागदावर कायमची राहिली असती, हे प्रत्येकाला कळून चुकलं. मग याआधीच्या किती भिंती अशाच होत्या, असं लोक विचारायला लागले. आयपोआच्या अध्यक्षांनीच सिनेटला सांगितलं की गेल्या चार महिन्यांत कोठडीत २० मृत्यू झाले. त्या विसांचं शवविच्छेदन किती जणांनी ऐकलं असेल?

आणि हा अविश्वास ओज्वांगपासून सुरू झालेला नाही. इथल्या प्रौढ माणसांना न्यायो हाउस विचार. शहराच्या मध्यभागातली ती सरकारी इमारत, आजही तिथं कचेऱ्या आहेत. ऐंशीच्या दशकात तिच्या तळघरात राजकीय कैद्यांना पाण्यानं भरलेल्या कोठड्यांत उभं करत. २०१६ मध्ये विली किमानी नावाचा वकील, त्याचा पक्षकार आणि त्यांचा टॅक्सीचालक नाहीसे झाले, प्रेतं नदीत सापडली, आणि त्यात पोलीस दोषी ठरायला २०२२ उजाडलं. त्याच २०२२ च्या जुलैत दोन भारतीय आणि त्यांचा केनियन चालक नैरोबीतून बेपत्ता झाले. दोघांतले एक मुंबईच्या टीव्ही क्षेत्रात मोठ्या पदावर राहिलेले. त्या प्रकरणात एका विशेष पथकातल्या पोलिसांना अटक झाली आणि ते पथकच बरखास्त केलं. तेव्हा आमच्या मराठी मंडळींत कितीतरी दिवस रात्री टॅक्सीनं जायला कोणी धजत नव्हतं. गेल्या वर्षी करवाढीविरुद्ध तरुण पोरं रस्त्यावर आली, त्यानंतर जून ते डिसेंबर या काळात इथल्या मानवाधिकार आयोगानं ८२ अपहरणं मोजली. सरकार आधी नाही नाही म्हणत राहिलं. वर्ष सरताना राष्ट्राध्यक्षांनीच हे थांबवू म्हणून शब्द दिला. जे होतच नव्हतं ते थांबवणार कसं, हा प्रश्न मला मटाटूतल्या, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमधल्या, कंडक्टरनं विचारला होता.

१७ जूनच्या मोर्चात रस्त्यावर मास्क विकणाऱ्या एका तरुणावर पोलिसानं अगदी जवळून गोळी झाडली. ते कॅमेऱ्यात आलं म्हणून त्याच दिवशी अटक झाली. तो तरुण ३० जूनला गेला. २५ जूनला शहरात जाणारे रस्ते काटेरी तारा लावून बंद होते, आम्ही घरातच होतो. काळजी करू नकोस, मुलं ठीक आहेत, आईलाही तसंच सांग. पण आता इथं काय झालंय ते बघ. पोलीस खरं सांगतात तेव्हाही कोणाला पटत नाही. शेजारच्या इमारतीत चोरी झाली, पोलिसांनी दोघांना पकडलं, मालही मिळाला, तरी वॉचमन म्हणतो, "त्यांनीच ठेवला असेल." साधा अपघात झाला तरी लोक आधी मोबाइल काढून चित्रण करतात, मग मदतीला जातात. यात प्रामाणिक हवालदाराचं किती नुकसान होतं याचा विचार कर. त्याचा दोष काहीच नाही, पण त्याचाही शब्द आता कोणी धरत नाही.

एवढं लांबचं कशाला सांगते असं वाटत असेल, तर आपल्या परभणीचं सांगते. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. ख्वाजा युनूस आपल्याच गावचा, इंजिनिअर. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये धरला. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं की त्याला औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. तो पुन्हा कधी कोणाला दिसला नाही. पुढं सीआयडीनं तपास केला, पोलिसांवरच आरोपपत्र आलं, आणि वीस वर्षं उलटली तरी खटला रेंगाळतोच आहे. निलंबित झालेले चौघे पोलीस २०२० मध्ये परत सेवेत घेतले गेले. त्याच्या आईनं उभं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर काढलं. परभणीत अजूनही 'आरोपी पळून गेला' असं कुठं छापून आलं की माणसं एकमेकांकडं बघतात, ते यामुळं.

आणि सोमनाथ सूर्यवंशीचं तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड, दुसऱ्या दिवशी बंद, धरपकड, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत कायद्याच्या विद्यार्थ्याचा मृत्यू. वडार समाजातला मुलगा. पिढ्यानपिढ्या दगड फोडणाऱ्या लोकांतून वर येऊन वकील व्हायला निघालेला. ओज्वांगच्या बापाची खाण वाचली तेव्हा पहिल्यांदा सोमनाथच आठवला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू असं आलं, तरी नागपूर अधिवेशनात मारहाण झाली नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता असं सरकारकडून सांगितलं गेलं. मग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. ४ जुलैला खंडपीठानं आदेश दिला, त्यावरही राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० जुलैला तिथं सरकारची याचिका फेटाळली गेली. त्या माउलीनं सरकारचे दहा लाख नाकारले. ज्या सरकारनं गुन्हा नोंदवू नये म्हणून दिल्लीपर्यंत धाव घेतली, त्याच्यावर परभणीच्या लोकांनी विश्वास का ठेवावा, हे तूच मला सांग.

जीप उलटली, श्वसनाचा आजार होता, भिंतीवर डोकं आपटलं. तिन्ही वेळा माणूस कसा गेला हे ठरायच्या आधीच किंवा कागदावर आलेलं बाजूला सारून दोष त्याच्याच अंगावर टाकला. लोकांचा विश्वास तिथं तुटतो, बाळू. कोठडीत माणूस मरणं भयंकरच, पण त्यानंतर सरकार खरं बोलेल अशी आशा लोक तरीही धरून असतात. पहिलं निवेदन ती आशा संपवतं. आणि ते पहिलं निवेदन मंत्र्याच्या बंगल्यावर तयार होत नाही. ते कोणत्या तरी ठाण्यात, रात्रपाळीच्या अधिकाऱ्याच्या हातानं, स्टेशन डायरीत लिहिलं जातं. उद्या तो हात तुझा असेल.

म्हणून मोठी बहीण म्हणून मागते ते नीट ऐक. डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल तू परीक्षेसाठी पाठ केला असशील. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. ते उत्तरपत्रिकेत लिहून झालं, आता ते ठाण्यात करायचं आहे, कोणी बघत नसेल त्या रात्रीसुद्धा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही आणि १८ महिन्यांचं चित्रण जपायला सांगितलंय. तुझ्या ठाण्यातला कॅमेरा बंद असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी कळव आणि त्याची पोच स्वतःजवळ ठेव. आणि कधी काळी तुझ्या कोठडीत कुणाचं काही बरंवाईट झालं, तर जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही. कारण माहीत नसेल तर कारण लिहू नकोस. साहेब म्हणतील, "आधी हे असं लिही, पुढचं बघू." त्या वेळी तुला एकट्यानं उभं राहावं लागेल. बदली होईल, कदाचित गडचिरोलीला जाशील. जा. आपल्या घरात त्यासाठी कोणी तुला बोल लावणार नाही, आण्णा तर नाहीच. मी त्यांच्याशी बोलले आहे.

अकादमीत कोठडीतल्या मृत्यूबद्दल काय शिकवतात, किती तास शिकवतात, आणि शिकवणारे कोण असतात, ते मला सविस्तर कळव. जीवशास्त्राच्या सरांनाही ते ऐकायचंय. माझा भाऊ फौजदार होतोय म्हटल्यावर त्यांनी तुझ्यासाठी शुभेच्छा दिल्या आणि डॉ. मिडियांबद्दल तुला नक्की लिही म्हणाले.

आईच्या गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर आणतोस ना? वहिनीला सांग, ज्वारीचं पीठ कोणाबरोबर तरी पाठवायचं तेवढं बघ, इथं मिळतं त्याची भाकरी थापताना मोडते. आण्णांना नमस्कार. पोहोचल्यावर अकादमीचा पत्ता पाठव.

तुझी,
ताई