आई-बाबा, थंडीत कोचीला चला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी कोचीत सुखरूप आहे. फोनवर ‘जेवलीस का, झोप झाली का’ यातच वेळ जातो, म्हणून नीट लिहायला बसले आहे.

बाबा, इथला धक्का फिरताना सारखी तुमची आठवण येते. पाण्यावर जलपर्णीचे पुंजके तरंगत असतात. ओहोटीला ते समुद्राकडे निघतात आणि भरती लागली की तेच पुंजके माघारी वळून आत येऊ लागतात. तुमचा सगळा जन्म तापीचं पाणी एकाच दिशेला जाताना बघण्यात गेला. ती सुरतेपुढे समुद्राला मिळते हे मला लहानपणी तुम्हीच सांगितलंत, पण तुम्हीही ते कधी पाहिलं नाही. नदी आणि समुद्र एकमेकांना कसे ढकलतात, ते इथे काठावर बसून दिसतं.

आणि गाळ! हतनूर धरणातल्या गाळावर तुम्ही किती बोलता. या बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांधच होता, मोठी जहाजं बाहेरच थांबायची. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर इथे आला. त्याने तो बांध कापून खोल वाट काढली आणि उपसलेल्या गाळाचं अख्खं बेट उभं केलं. विलिंग्डन बेट. आज त्यावर बंदराची कचेरी, गोदामं, रस्ते सगळं आहे. गाळ मात्र अजून येतोच, उपसा कायम चालू असतो.

फोर्ट कोचीला चिनी जाळी बघत मी बराच वेळ उभी होते. लाकडाचा भला मोठा सांगाडा, पुढे पाण्यात जाळं आणि मागे दोरांना बांधलेले दगड. पाच-सहा माणसं मिळून दोर ओढतात, जाळं वर येतं, आणि दगड खाली येत एकेक करून फळ्यांवर टेकतात. वजनाला वजन तोललेलं, म्हणून एवढं अवजड जाळं माणसांच्या हातांनी उचललं जातं. मासे थोडेच निघाले, त्यातलेही बगळ्यांनी पळवले. जवळच्याच चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 साली पुरलं होतं, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या.

आई, आता तुझं. बोटीत चढायचं म्हटलं की तुला गुडघ्यांची धास्ती. इथे 2023 पासून वॉटर मेट्रो आहे, बॅटरीवर चालणारी बोट. तिचा धक्काच पाण्यावर तरंगतो. भरतीला तो बोटीबरोबर वर जातो, ओहोटीला खाली येतो, त्यामुळे धक्का आणि बोटीची फरशी कायम एका पातळीत राहते. पायरी नाही, उडी नाही. आत गार हवा आणि मोठ्या काचा. एक आजी काठी टेकत आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या, तेव्हाच मी ठरवलं की तुला इथे आणायचंच.

खाण्याची काळजी करू नकोस. मट्टनचेरीत पिढ्यान्‌पिढ्या गुजराती व्यापारी राहतात, त्यामुळे आपलं जेवण मिळतं. तिथल्या गल्ल्यांत मिरी आणि सुंठेचा वास नाकातून जात नाही. नेंद्रन केळीची भजी मात्र खायचीच. बाबा, ही केळी जाड सालीची, धारदार कडांची. आपल्या बागेतल्या केळीशी तिची तुलना तुम्हीच करा, मला ऐकायची आहे.

जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच येते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. खालचे दोन बर्थ मी बघते. बागेतून कधी मोकळीक मिळते तेवढं कळवा, ठिबकचं काकांना सांगून ठेवा. आणि आई, गुडघ्याच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या आणून ठेव.

तुमची,
मनी